कच्च्या लायसन्सवरून पक्क्यावर: साताऱ्यात टेस्ट देणाऱ्यांसाठी

शिकाऊ लायसन्स हातात आलं की बहुतेकांना वाटतं, आता महिनाभर थांबायचं आणि टेस्ट देऊन मोकळं व्हायचं. पण तो महिना थांबण्यासाठी दिलेलाच नाही, तो गाडी चालवण्यासाठी दिला आहे. टेस्टमध्ये गाडी पळवायला कुणी सांगत नाही. हळू चालवायला, जागच्या जागी वळवायला, चढावर थांबवून पुन्हा काढायला आणि मागे घ्यायला सांगतात. या चारही गोष्टी क्लचच्या आहेत, आणि क्लच महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत येत नाही. सातारा चढउताराचं गाव असल्यामुळे इथं सराव करणाऱ्याला टेस्टच्या ट्रॅकवर असतो तसा चढ वेगळा शोधावा लागत नाही, एवढा फायदा आहे. तो घ्यायचा कसा, हे खाली आहे. कागदपत्रांचं आणि फीचंही आहे, पण मुख्य भर चालवण्यावर.

तारखा आधी लिहून ठेवा

शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. ते मिळाल्यापासून ३० दिवस पुरे झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १५ व्या नियमात तसं स्पष्ट आहे. म्हणजे टेस्टसाठी मधले साधारण पाच महिने मिळतात. हे पाच महिने भरपूर वाटतात आणि म्हणूनच हातातून जातात.

गणित असं आहे. नापास झालात तर पुढची टेस्ट ७ दिवसांनंतर. तीनदा नापास झालात तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं, आणि कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात प्रशिक्षणाचा जादा कोर्सही करावा लागतो. शिवाय स्लॉट, म्हणजे टेस्टची ठरवून मिळणारी वेळ, तुम्हाला हवा त्या दिवशी मिळेलच असं नाही. पहिली टेस्टच पाचव्या महिन्यात दिली आणि ती गेली, तर मुदत संपू शकते आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून: नवा अर्ज, नवी फी, पुन्हा संगणकावरची परीक्षा, पुन्हा ३० दिवस. म्हणून पहिली टेस्ट चाळिसाव्या ते नव्वदाव्या दिवसाच्या दरम्यान द्यावी. तिसाव्या दिवशी घाई नको, हात बसलेला नसतो.

बारावीनंतर पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलांनी हे जास्त लक्षात ठेवावं. मे महिन्यात साताऱ्यात कच्चं लायसन्स काढायचं, जूनअखेरीस पुण्याला जायचं आणि दिवाळीला आल्यावर टेस्ट देऊ म्हणायचं, यात मुदत अगदी काठावर येते. जायच्या आधीच टेस्ट उरकता येईल असं पाहा, म्हणजे कच्चं लायसन्स एप्रिलमध्येच काढा.

सातारा परिवहन कार्यालयाचा (आरटीओचा) क्रमांक एमएच-११. कराड-पाटण भागाचं काम कराडच्या एमएच-५० कडे. आपला तालुका कुठे जोडला आहे ते लायसन्सच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर पिन कोड टाकला की दिसतं. तालुक्याच्या गावी परिवहन कार्यालयाचे कॅम्पही भरतात. ज्यांना साताऱ्यापर्यंत गाडी घेऊन येणं अवघड आहे त्यांनी स्लॉट घेण्याआधी कॅम्पच्या तारखा विचारून घ्याव्यात.

कच्च्या लायसन्सवर काय चालतं, काय नाही

कच्चं लायसन्स हे शिकण्याचं लायसन्स आहे. नियम ३ प्रमाणे शेजारी त्याच प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि ती गाडी आवरू शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. मागच्या सीटवर बसलेले काका चालत नाहीत. वडिलांकडे फक्त मोटारसायकलचं लायसन्स असेल तर कार शिकवायला तेही चालत नाहीत.

गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. त्याचंही माप ठरलेलं आहे: पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. दुकानात मिळणारे काही स्टिकर यापेक्षा लहान असतात, पट्टी लावून बघून घ्या. दुचाकीवर मागे बसवायचं तर फक्त शिकवणाऱ्याला, आणि त्याच्याकडेही लायसन्स हवं. मैत्रिणीला कॉलेजला सोडणं यात बसत नाही. हेल्मेट दोघांनाही.

‘एल’ची पाटी आणि शेजारचा माणूस हे नुसते पोलिसांसाठी नाहीत. गाडीच्या विमा पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ असतो. शिकाऊ लायसन्सवाल्याला गाडी चालवायची मुभा त्यात आहे, पण त्याने हा नियम ३ पाळला असेल तर. एकट्याने गाडी काढली आणि कुणाला ठोकलं, तर विमा कंपनी पहिलं बोट इथेच ठेवते. आणि कच्च्याची मुदत संपल्यावर चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड.

सरावाचे चार आठवडे

मोटार ट्रेनिंग स्कूल लावलं असेल तर नियमाप्रमाणे किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि १० तास प्रत्यक्ष चालवणं मिळायला हवं. रोज वीस मिनिटांत गल्लीतून एक फेरी मारून आणलं तर एकवीस दिवसांत सातच तास होतात. पैसे भरताना हे विचारा, आणि तास वहीत लिहून ठेवा. स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक-क्लच असतात. शिकणाऱ्याचा क्लच चुकला की शिकवणारा सवयीने दाबतो आणि गाडी बंद पडत नाही. त्यामुळे आपला पाय बरोबर आहे की त्यांचा, हे कळतच नाही. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना स्पष्ट सांगा, धोका असल्याशिवाय पाय लावू नका, बंद पडली तर पडू दे.

पहिला आठवडा मोकळ्या मैदानात. सीट अशी पुढे घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहील. पाठ टेकवून हात पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची फक्त बारीक कड दिसावी, बाकी सगळा रस्ता. बहुतेक नवशिक्यांच्या आरशात अर्धी गाडी आणि अर्धं आभाळ असतं.

मग रेस अजिबात न देता, नुसत्या क्लचवर गाडी हलवायला शिका. क्लच तळापर्यंत दाबा, पहिला गिअर टाका आणि टाच जमिनीवर टेकवून पंजा अगदी सावकाश वर आणा. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जरा खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं. गाडी तिथे पकडते. पाय तिथेच थांबवा. सुटतो तो इथेच: गाडी हलली रे हलली की पाय पटकन वर येतो आणि गाडी गचका देऊन बंद पडते. गाडी दोन-तीन फूट पुढे गेल्यावरच बाकीचा क्लच सोडायचा. हे रोज अर्धा तास, पुढे आणि मागे, सपाट जागेवर. तीन दिवसांत पायाला ती जागा पाठ होते. डिझेल गाडीत ती लवकर सापडते, छोट्या पेट्रोल गाडीत किंचित रेस लागते. म्हणून टेस्टला जी गाडी न्यायची तिच्यावरच शेवटचा आठवडा सराव करा. दुसऱ्या गाडीचा क्लच दुसऱ्या उंचीवर पकडतो.

दुसरा आठवडा आतल्या रस्त्यांवर, सकाळी लवकर. गिअर वर नेणं सगळ्यांना जमतं. खाली आणणं शिका: चौथ्यावरून ब्रेकने वेग कमी, तिसरा, वळणाच्या आधी दुसरा, वळण दुसऱ्यात. वळणाच्या मध्यावर गिअर बदलू नका. त्या वेळी एक हात स्टिअरिंगवरून निघालेला असतो, क्लच दाबलेला असतो आणि गाडी मोकळी घरंगळत असते.

तिसरा आठवडा चढाचा. यावर जास्त वेळ द्या.

चढावर गाडी काढणं

नियमातच लिहिलं आहे की चढावर थांबवून गाडी मागे न सरकता पुन्हा काढता आली पाहिजे. सरावासाठी समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे चढणारा रस्ता पहाटे चांगला, पण आधी घराजवळचा एखादा मोकळा, बारीक चढ घ्या. मागे पन्नास फुटांत कुणी नाही हे शेजारच्याने उतरून बघावं.

हँडब्रेकची पद्धत आधी शिका. गाडी थांबली, हँडब्रेक पूर्ण वर ओढला, पायातला ब्रेक सोडला. गाडी हँडब्रेकवर उभी राहते का बघा. राहत नसेल तर केबल सैल आहे, गॅरेजमध्ये ताणून घ्या. ढिल्या हँडब्रेकवर हा सराव होणार नाही. आता क्लच दाबून पहिला गिअर. उजव्या पायाने थोडी रेस द्या, आवाज एकसारखा ठेवा. डावा पाय सावकाश वर, पकडायच्या जागेपर्यंत. बॉनेट उचललं, आवाज बसला, गाडी पुढे जायला धडपडते पण हँडब्रेकने अडली आहे. इथे दोन्ही पाय गोठवा. आरसा बघा. मग हँडब्रेकचं बटण दाबून खाली सोडा. गाडी एक इंचही मागे न जाता पुढे निघते.

मागे सरकली, तर हँडब्रेक सुटण्याआधी क्लच पकडलेला नव्हता. बंद पडली, तर रेस कमी होती किंवा क्लच जास्त सुटला. जळका वास आला, तर रेस भरमसाट आणि क्लच अर्धा, असं फार वेळ धरलं होतं. पाच मिनिटं गाडी उभी करून थंड होऊ द्या, नाहीतर क्लच प्लेटचा खर्च येईल.

हे जमलं की मग पायातल्या ब्रेकने: उजवा पाय ब्रेकवर, डाव्याने क्लच पकडायच्या जागेवर आणायचा, गाडी थरथरली की उजवा पाय ब्रेकवरून रेसवर. पोवई नाक्यासारख्या गर्दीत ही पद्धत सोपी पडते. टेस्टला मात्र हँडब्रेकच वापरा, वेळ मिळतो आणि मागे जायची भीती राहत नाही.

उतार विसरू नका. यवतेश्वरचा घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचा, साधारण दुसऱ्या-तिसऱ्यात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडू नका: सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खालच्या वळणांवर पेडल दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही. इंजिन बंद करून उतरवणं तर त्याहून वाईट, ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतच जाते. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. हा नियम आहे आणि तोंडी विचारलाही जातो. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी या घाटात नवशिक्याने जाऊच नये.

चौथा आठवडा शहरातला आणि थोडा बाहेरचा. राजवाडा, मोती चौक, पोवई नाका दुपारच्या वेळी. नंतर महामार्गाचा सर्व्हिस रोड. महामार्गावर जाल तेव्हा मागून येणाऱ्याचा वेग आरशात वाटतो त्यापेक्षा जास्त असतो, हे धरून चला. गळीत हंगाम चालू असेल तर दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडायचा मोह आवरा. त्याची लांबी नवशिक्याच्या अंदाजात बसत नाही, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असं नाही. म्हणून कच्च्या लायसन्सवर अंधार पडल्यावर ग्रामीण रस्ते टाळावेत हे उत्तम.

रिव्हर्स

कार टेस्टमध्ये पुढे जाणं कुणाला अवघड जात नाही, अडतं ते मागे. ट्रॅकची मांडणी कार्यालयागणिक वेगळी असते, पण मागणी नियमात एकच आहे: अरुंद जागेत डावीकडे किंवा उजवीकडे गाडी मागे घेता यावी, आणि पुढे-मागे करत तोंड उलट दिशेला फिरवता यावं.

मागे घेताना रेस द्यायची नाही. सगळा वेग क्लचवर, चालत्या माणसाइतका. गाडीचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं. यात उलटसुलट काही नाही, घाबरल्यावर मात्र हात उलटा फिरतो. वळताना गाडीचं नाक विरुद्ध बाजूला बाहेर फिरतं, आणि खांब पडतो तो बहुधा पुढच्या कोपऱ्याने. म्हणून मागे बघता बघता एक नजर पुढच्या कोपऱ्यावर. गाडी हलत असतानाच स्टिअरिंग फिरवा, उभ्या गाडीत पिळू नका. चुकतंय असं वाटलं तर थांबा. थांबल्यामुळे कुणी नापास होत नाही, खांब पाडल्यामुळे होतं.

घरी सरावाला चार रिकाम्या बादल्या आणि रांगोळी पुरे. गाडीच्या रुंदीपेक्षा दोन-अडीच फूट जास्त अशी गल्ली आखा, तिच्यात डावीकडून आणि उजवीकडून दहा-दहा वेळा मागे घ्या. उजवीकडून सोपं जातं, कारण त्या बाजूला आपण बसलेलो असतो. डावीकडून जमेपर्यंत टेस्टचा स्लॉट घेऊ नका.

दुचाकीचा आठ

आठच्या आकड्यात फिरताना पाय टेकू नये, रेघ ओलांडू नये, गाडी बंद पडू नये. हे होण्याआधीच बऱ्याच जणांची गाडी पडते, आणि कारण ठरलेलं असतं: पुढचा ब्रेक. हँडल वळलेलं असताना हळू वेगात पुढचा ब्रेक दाबला की भार वळलेल्या चाकावर येतो आणि गाडी आतल्या बाजूला कोसळते. आठ काढताना उजव्या हाताची बोटं ब्रेकवर ठेवूच नका. वेग आवरायला फक्त मागचा ब्रेक, हलका.

गिअरच्या गाडीवर पहिला गिअर, अर्धा क्लच, रेस एकसारखी. क्लच पूर्ण दाबला की गाडी सुटी होते आणि तोल जातो. पूर्ण सोडला की ती ओढते आणि वळण मोठं होतं. स्कूटीला क्लच नाही, तिथे किंचित रेस चालू ठेवून मागचा ब्रेक थोडा घासत न्यायचा. नजर पुढच्या चाकावर नको. जिथे जायचं त्या वळणाच्या पलीकडे मान वळवून बघा, हँडल आपोआप तिकडे वळतं.

सरावासाठी सहा-सात मीटर अंतरावर दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती फिरा. जमलं की अंतर पाच मीटरवर आणा. ट्रॅकवर हेल्मेट घालावंच लागतं, तेव्हा सरावही हेल्मेट घालूनच करा. मान वळवताना हेल्मेट घातल्यावर दिसण्यात पडणारा फरक पहिल्यांदाच टेस्टच्या दिवशी कळू नये.

अर्ज ‘गिअरची मोटारसायकल’ या वर्गाचा असेल तर टेस्टला गिअरचीच गाडी लागते. स्कूटी घेऊन गेलात तर परत यावं लागेल.

अर्ज, फी, कागद

सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडून ड्रायव्हिंग लायसन्सचा अर्ज, त्यात कच्च्या लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख. बरीचशी माहिती आपोआप येते. ती नुसती पुढे ढकलू नका. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, पत्ता तपासा. इथे राहिलेली चूक पक्क्या कार्डावर छापून येते आणि दुरुस्तीची फी वेगळी. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा नको. पुढचे सगळे ओटीपी आणि निरोप त्यावरच येतात.

केंद्राच्या नियमातली फी अशी: टेस्टचे प्रत्येक वर्गामागे ३०० रुपये, लायसन्सचे २००. मोटारसायकल आणि कार दोन्ही असतील तर टेस्टचे ६०० आणि लायसन्सचे २००. कार्ड आणि टपालाचे पैसे राज्याकडून वर लागतात, एकूण रक्कम पैसे भरायच्या पानावर दिसते. नापास झालात तर त्या वर्गाचे ३०० पुन्हा. याहून जास्त कुणी मागत असेल तर तो त्याचा मेहनताना आहे, सरकारी फी नव्हे. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर जरूर घ्या, पण टेस्ट तुमच्याऐवजी कुणी देऊ शकत नाही आणि देऊ नये. रस्त्यावर तुम्हीच असणार आहात.

प्रकृतीचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र म्हणजे नमुना १. वय चाळीसच्या वर असेल तर डॉक्टरांचा नमुना १-अ. नमुना १ मध्ये एक प्रश्न असा आहे की उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का. खरोखर पावलं मोजून वाचून बघा. चष्मा लागत असेल तर टेस्टला चष्मा लावूनच जा.

स्लॉट घेतल्यावर एकाच फाइलमध्ये ठेवा: कच्च्या लायसन्सची प्रत, अर्जाची आणि फीची पावती, स्लॉटचं पत्र, आधार कार्ड मूळ, स्कूलमधून शिकला असाल तर त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे नमुना ५. आणि गाडीचे कागद: आरसी, विमा, पीयूसी. विमा आणि पीयूसीच्या तारखा आदल्या आठवड्यात बघा. माणूस तयार आणि पीयूसी संपलेली, एवढ्यावरून दिवस वाया जातो. गाडी भावाची किंवा शेजाऱ्याची असली तरी चालते, कागद चालू हवेत. नमुना ५ असला म्हणजे टेस्ट माफ, असा गैरसमज आहे. माफी फक्त केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे मान्यता मिळालेल्या चालक प्रशिक्षण केंद्राच्या प्रमाणपत्राला आहे. नेहमीच्या मोटार ट्रेनिंग स्कूलला नाही.

टेस्टचा दिवस

गाडी आदल्या दिवशी बघा: हवा, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, आरसे. ‘एल’ची पाटी अजून हवीच, आणि ट्रॅकपर्यंत गाडी आणताना शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूसही. स्वतः एकट्याने चालवत कार्यालयात येणं म्हणजे टेस्टच्या दारातच नियम मोडणं. सपाट तळव्याचे बूट किंवा सँडल घाला. चपलेचा अंगठा क्लचवरून सरकतो.

नंबर येईपर्यंत आधीच्या दोघा-तिघांची टेस्ट बघा. कुठून आत जायचं, कुठे थांबायचं, कुठल्या क्रमाने फिरायचं हे कळतं. मोटार वाहन निरीक्षक काय सांगतात ते पूर्ण ऐका, कळलं नाही तर पुन्हा विचारा.

कारमध्ये बसल्यावर क्रम मोडू नका: दार नीट लागलं का, सीट, आरसे, बेल्ट, गिअर न्यूट्रल, मग चावी. गाडी चालू झाल्यावर बेल्टकडे हात गेला तर ते दिसतं. निघताना आरसा, इंडिकेटर, उजव्या खांद्यावरून एक नजर, मग क्लच. आरसा आधी आणि इंडिकेटर नंतर. उलट करणारे पुष्कळ. वळण संपल्यावर इंडिकेटर बंद झाला का बघा. छोट्या वळणावर तो आपोआप पडत नाही आणि तसाच चालू राहतो.

हँडब्रेक अर्धा वर असताना गाडी काढणं ही नेहमीची चूक. गाडी ओढत नाही म्हणून माणूस रेस वाढवतो, क्लच सोडतो आणि बंद पाडतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला का, एवढं बघितलं की टळतं. मध्येच गाडी बंद पडली तर घाईने चावी फिरवू नका. ब्रेक, क्लच, न्यूट्रल, मग स्टार्ट. गिअरमध्ये असताना चावी फिरवली की गाडी उडी मारते.

तोंडी विचारण्यात चिन्हं आणि हाताचे इशारे येतात. त्रिकोणातलं चिन्ह सावध करतं, लाल कडेचं गोल चिन्ह मनाई किंवा मर्यादा सांगतं, निळं चौकोनी माहिती देतं. ‘थांबा’ हे अष्टकोनी आणि ‘वाट द्या’ हा उलटा त्रिकोण, म्हणजे ही दोन्ही चिन्हं पाठीमागूनही ओळखू येतात. चौकातल्या गोलाला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. झेब्रा पट्ट्यांवर माणूस असेल तर गाडी पट्टीच्या आधी थांबते, पट्टीवर नाही.

नापास झालात तर निघण्याआधी कशात, हे विचारून घ्या. ‘रिव्हर्समध्ये डावा मागचा खांब’ असं नेमकं उत्तर मिळालं तर मधले ७ दिवस फक्त तेवढंच करता येतं. दोन वर्गांपैकी एकातच पास झालात तर दुसऱ्याची टेस्ट वेगळी द्यावी लागते. तोपर्यंत त्या वर्गासाठी तुम्ही शिकाऊच आहात.

पास झाल्यावर

फोटो, सही आणि बोटांचे ठसे कार्यालयात घेतले जातात. मंजुरी झाली की लायसन्स नंबर सारथीवर दिसतो, साताऱ्याचा असेल तर एमएच-११ ने सुरू होणारा. तो डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अ‍ॅपमध्ये उतरवून घ्या; तिथली प्रत कायद्याने चालते, कार्डाची वाट बघत गाडी उभी ठेवायची गरज नाही. कार्ड स्पीड पोस्टने घरी येतं. वाडी-वस्तीवर राहणाऱ्यांनी अर्जातल्या पत्त्यात वाडीचं नाव, पोस्टाचं गाव आणि पिन कोड तिन्ही दिले असतील तर पोस्टमनला घर सापडतं, नाहीतर कार्ड परत जातं. दाराला कुलूप असेल तर पोस्टात जाऊन विचारा, फार दिवस थांबू नका.

तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळीसपर्यंत चालतं. तीस ते पन्नासमधल्यांना १० वर्षं, पन्नास ते पंचावन्नमधल्यांना साठीपर्यंत, त्यापुढे ५-५ वर्षं. नूतनीकरण मुदतीच्या आधी वर्षभर करता येतं.

आता फक्त मोटारसायकलचं लायसन्स असेल आणि पुढे कार वाढवायची असेल, तर कारसाठी पुन्हा कच्चं लायसन्स, पुन्हा ३० दिवस आणि पुन्हा टेस्ट, वर्ग वाढवायची फी ५०० रुपये. म्हणून पहिल्यांदाच दोन्ही वर्गांचा अर्ज करणं शहाणपणाचं. शेतात ट्रॅक्टर असणाऱ्यांसाठी: रिकाम्या वजनाने ७,५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टर कायद्याच्या व्याख्येत हलक्या मोटार वाहनात येतो, आणि घरोघरी दिसणारे ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी खाली असतात. त्यामुळे कारचं लायसन्स काढताना तोच वर्ग मिळतो. पण ट्रॉली जोडून मागे घेणं हे कारच्या रिव्हर्ससारखं नाही. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते. ते रिकाम्या ट्रॉलीवर, मोकळ्या रानात, जाणत्या माणसाला शेजारी घेऊन वेगळं शिकावं लागतं.